तिची एकटीची संमती पुरेशी आहे
महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांस पलूसहून खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई, यांस


ज्या खात्याचा कारभार आज आपल्या हाती आहे, त्या खात्याच्या दप्तरात सांगली जिल्ह्याचे नाव एका लज्जास्पद नोंदीने कायमचे लिहिले गेले आहे, याची आठवण आपणांस करून देणे मला सुखाचे नाही. परंतु त्या नोंदीपासून शासनाने जो धडा घेतला तो अर्धाच होता, आणि राहिलेल्या अर्ध्याचा भार खेड्यापाड्यांतील बायका आजही निमूटपणे वाहत आहेत, अशी माझी खात्री झालेली असल्यामुळे, हा मजकूर अर्जाच्या नमुन्यात न घालता मी उघड पत्राने आपल्यापुढे ठेवीत आहे.

२०१७ सालच्या मार्च महिन्याच्या आरंभी, मिरज तालुक्यातील म्हैसाळ या कर्नाटकाच्या सीमेलगतच्या गावी, ओढ्याच्या काठी पुरलेल्या पिशव्यांतून १९ भ्रूणांचे अवशेष पोलिसांनी बाहेर काढले. होमिओपॅथीची पदवी असलेल्या एका डॉक्टरच्या रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाल्याची तक्रार आली होती, आणि त्या तक्रारीच्या चौकशीचा माग काढीत पोलीस ओढ्यापर्यंत पोहोचले होते. अवघ्या महाराष्ट्राने त्या दिवसांत १९ हा आकडा तोंडपाठ केला. विधिमंडळात त्यावर चर्चा झाली, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. परंतु जिच्या मरणामुळे हा सारा प्रकार उजेडात आला, ती स्त्री मात्र त्या सगळ्या गदारोळात कडेला राहिली. महोदय, माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे, की कडेला राहिलेली ती स्त्रीच या प्रश्नाचा मध्यबिंदू आहे, आणि तिला मध्यभागी आणल्यावाचून ना मुलींची संख्या वाढेल, ना आयांचे प्राण वाचतील.

शासनाने काही केले नाही, असा आरोप मी करीत नाही. २००१ सालच्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे सांगली जिल्ह्यात ८५१ आणि शेजारच्या कोल्हापुरात ८३९ मुली मोजल्या गेल्या, तेव्हा उसाने आणि सहकाराने संपन्न झालेल्या या कृष्णाकाठाला प्रथमच आपल्या वैभवाची शरम वाटली; कारण त्याच वेळी साऱ्या राज्याचे प्रमाण ९१३ होते आणि गडचिरोलीसारख्या अरण्यातल्या, दरिद्री म्हणून हिणवल्या गेलेल्या जिल्ह्यात ते साडेनऊशेच्या वर होते. त्यानंतर कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफीच्या यंत्रांवर नजर ठेवणारे उपकरण बसविण्याचा उपक्रम हाती घेतला. सातारा जिल्हा परिषदेने २०११ साली ‘नकुशी’ हे नाव वागविणाऱ्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली. सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या झाल्या, यंत्रे मोहोरबंद झाली, खटले उभे राहिले. हा सारा बंदोबस्त आवश्यक होता आणि आहे. २०११ सालच्या जनगणनेत सांगलीचा आकडा ८६७ पर्यंत सरकला, तरी समाधान मानावे असा तो आकडा नव्हे, हे कोणीही मान्य करील.

परंतु या बंदोबस्ताच्या आवेशात एक घोटाळा झाला, आणि तो अद्याप निस्तरलेला नाही. २०१२ साली परळी येथे अशाच एका मृत्यूनंतर जो प्रक्षोभ उसळला, त्यात लिंगनिदान करून होणाऱ्या गर्भपातास खुनाचे कलम लावावे असा प्रस्ताव राज्यशासनाकडूनच पुढे आला. अन्न व औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर असा पहारा बसविला, की चौकशीचे झेंगट नको म्हणून अनेक औषधविक्रेत्यांनी त्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. आणि नोंदणीकृत, प्रशिक्षित, कायद्याने अधिकार दिलेल्या डॉक्टरांपैकी पुष्कळांनी, ‘आम्ही त्या भानगडीत पडत नाही’ असे म्हणून, दारी आलेल्या बाईला दुसरीकडचा रस्ता दाखविण्यास आरंभ केला. गुन्हेगारांसाठी उगारलेला दंडुका अशा रीतीने निरपराध स्त्रीच्या पाठीवर पडला. लिंगनिदान हा गुन्हा आहे आणि गर्भपात हा विशिष्ट मर्यादेत स्त्रीला उपलब्ध असलेला कायदेशीर उपचार आहे, हा भेद सामान्य माणसाच्या मनातून पुसला गेला, इतकेच नव्हे, तर ज्यांनी तो भेद जिवापाड जपावयाचा त्या सरकारी अंमलदारांच्या मनातूनही तो पुसट झाला.

म्हणून ते दोन कायदे पुन्हा एकदा शेजारी ठेवून पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविताना, करणाऱ्याबरोबर करवून घेणाऱ्या स्त्रीसही शिक्षेस पात्र धरले होते, आणि २०२४ सालापासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. शिक्षेच्या भयाने गर्भपात थांबले नाहीत. ते काळोखात गेले, आणि काळोखात बायका मेल्या. या मृत्यूंचा विचार करण्यासाठी १९६४ साली केंद्र सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. त्यांच्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. आज आपण ज्या पदावर आहात, त्याच पदावर बसलेल्या गृहस्थांच्या हातून या देशातील स्त्रियांसाठी ही वाट मोकळी झाली, ही गोष्ट आपल्या खात्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. २०२१ साली या कायद्यात सुधारणा झाली: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरले, बलात्काराने पीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली अथवा घटस्फोट झालेली, अपंग, अशा स्त्रियांसाठी २४ आठवड्यांची मर्यादा आली, आणि गर्भनिरोधक साधन फसले असता विवाहितेप्रमाणेच अविवाहितेलाही हा उपचार घेता यावा अशी शब्दरचना झाली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मार्गावर आणखी पुढे जाऊन, विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही, आणि या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरावा, असा स्पष्ट निर्णय दिला.

दुसरा कायदा लिंगनिदानाविरुद्धचा. त्यातही महाराष्ट्र अग्रेसर. १९८८ साली असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. मुंबईतील स्त्रीसंघटनांच्या चळवळीचे ते फळ होते. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, आणि त्याची अंमलबजावणी होत नाही हे पाहून २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागणाऱ्यांतही मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था होत्या. ज्या कार्यकर्त्या स्त्रियांनी लिंगनिदानाविरुद्ध हयात घालविली, त्याच स्त्रिया सुरक्षित व कायदेशीर गर्भपाताचा हक्क अबाधित राहावा म्हणूनही आग्रह धरीत आल्या आहेत, आणि त्यात त्यांना यत्किंचितही विसंगती वाटलेली नाही.

विसंगती नाहीच, हे दोन्ही कायद्यांच्या कलमांवरून दिसते. लिंगनिदानविरोधी कायदा असे गृहीत धरून चालतो, की गर्भवती स्त्रीने ती तपासणी करून घेतली असेल तर ती नवऱ्याच्या वा नातलगांच्या दडपणाखाली. उलट सिद्ध झाल्याखेरीज तिला दोषी मानावयाचे नाही. गर्भपाताचा कायदा असे सांगतो, की स्त्री सज्ञान असेल तर तिच्या एकटीच्या संमतीवाचून अन्य कोणाच्याही संमतीची गरज नाही. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, बापाची नाही. पहिला म्हणतो, तिच्यावर जबरदस्ती करू नका; दुसरा म्हणतो, तिच्या निर्णयात आडवे येऊ नका. तिच्या देहावर दुसऱ्याचा हुकूम चालू नये, या एकाच तत्त्वाची ही दोन कलमे आहेत. म्हैसाळच्या प्रकरणात या तत्त्वाचा भंग झाला असेल, तर त्यावरचा उपाय ते तत्त्व अधिक दृढ करण्यात आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र प्रत्यक्षात ते गुंडाळून ठेवण्यात आले.

आता व्यवहाराकडे वळते. गर्भपाताच्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत देता येतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाचे लिंग ओळखता येऊ लागते ते साधारणपणे बाराव्या-तेराव्या आठवड्याच्या पुढे. तेव्हा नवव्या आठवड्याच्या आत घेतलेल्या गोळीने सोनोग्राफीवर आधारलेली लिंगनिवड होऊच शकत नाही. आणि तरीही पहारा बसला तो गोळ्यांवर. या पहाऱ्याने लिंगनिवड करणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, कारण त्याचा व्यवहार पुढच्या महिन्यांतला आणि मोठ्या रकमेचा असतो. बिघडते ते द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या, पदरी दोन मुले असलेल्या, पाळी चुकली म्हणून सहाव्या आठवड्यात भेदरलेल्या बाईचे. गावातील दुकानात गोळी नाही; डॉक्टर म्हणतात नवऱ्याला घेऊन या, सही लागेल; नवरा परगावी किंवा दारूच्या अमलाखाली; सांगली-मिरजेस जावयाचे तर एका दिवसाची मजुरी बुडते आणि घरात कारण काय सांगावे हा प्रश्न उभा राहतो. या येरझाऱ्यांत नऊ आठवड्यांचे बारा होतात, बारांचे पंधरा, आणि जे काम चार गोळ्यांनी व दोन भेटींनी झाले असते ते अशा एखाद्या माणसाच्या हाती जाते, की ज्याच्या पाटीवर एक विद्या लिहिलेली असते आणि जो आत दुसरीच चालवितो. म्हैसाळसारखी ठिकाणे अशा विलंबावरच पोसली जातात. पुराच्या वर्षी तर याहून बिकट. २०१९ साली कृष्णेने आमच्या काठची गावेच्या गावे वेढली आणि खुद्द सांगली शहर पाण्यात गेले, तेव्हा जी सेवा केवळ जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते ती कोणालाच मिळत नाही, हे या तालुक्याने अनुभवले आहे.

हा प्रश्न थोडक्यांचा आहे असे कोणास वाटत असेल, तर २०१५ सालासंबंधी ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. त्या एका वर्षात भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असावेत, आणि त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णालयाबाहेर गोळ्या घेऊन झाले असावेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. कायद्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली असतानाही चारांपैकी तिघी रुग्णालयाची पायरी चढल्या नाहीत, हा त्या स्त्रियांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून वाचण्याऐवजी आपल्या व्यवस्थेविषयीच्या त्यांच्या अनुभवाचा पुरावा म्हणून वाचला, तर पुढचा रस्ता आपोआप दिसेल.

तो रस्ता या महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात सक्तीच्या वैधव्यात दिवस गेलेल्या स्त्रियांपुढे आत्महत्या आणि बालहत्या हे दोनच मार्ग उरत, आणि सरकार त्यांना काळ्या पाण्यावर पाठवीत असे. समाज त्या शिक्षेकडे न्याय म्हणून पाहत असताना, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. येथे गुपचूप येऊन निर्धास्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे तुमच्या मर्जीवर, असे त्यांनी जाहीर फलक लावून कळविले. त्यांनी त्या स्त्रीला जाब विचारला नाही, तिच्याकडे कोणाची चिठ्ठी मागितली नाही, तिचे नाव चावडीवर नेले नाही. पुढे सुरतेच्या एका तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा फर्मावली गेली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून, गुन्ह्यातला पुरुष न्यायालयाबाहेर का राहतो, असा सवाल केला. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी, पत्नी मालतीबाईंच्या साथीने, मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. त्यासाठी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दल खटले सोसावे लागले, आणि त्यांपैकी एका खटल्यात त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९३८ सालच्या नोव्हेंबरात आंबेडकरांनी तयार केलेला संततिनियमनाचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात सदस्य रोहम यांनी मांडला आणि तो बहुमताने फेटाळला गेला. पण बाळंतपणाचे ओझे जिच्यावर पडते तिच्या बाजूने विचार करण्याची रीत त्या ठरावाने राज्यकारभारात आणली.

पलूस तालुक्याचाही या परंपरेत वाटा आहे. आज आमच्या तालुक्यात असलेल्या किर्लोस्करवाडीहून, औंध संस्थानातल्या त्या माळावरच्या वसाहतीतून, १९३० साली ‘स्त्री’ हे मासिक निघू लागले, आणि विवाह, संतती, अर्थार्जन, घटस्फोट यांविषयी मध्यमवर्गीय मराठी स्त्रीने प्रथम उघडपणे वाचले आणि लिहिले ते पुष्कळसे त्या मासिकाच्या पानांतून. शेजारचे कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे मुख्य ठाणे. त्या प्रतिसरकारने सावकार आणि दरोडेखोर यांच्याबरोबरच बायकांवर अत्याचार करणाऱ्या पुरुषांनाही शिक्षा केल्या, आणि हुंड्यावाचून, मानपानावाचून विवाह लावण्याची चाल पाडली. तेव्हा स्त्रीच्या हक्काची भाषा ही शहरातून आलेली चैन आहे, खेड्याला ती पेलवत नाही, असे जे कोणी आपणांस सांगत असतील, त्यांना निदान आमच्या तालुक्याचा दाखला देऊन गप्प करावे.

दूरच्या जगाकडे पाहिले तरी हाच पाठ मिळतो. रुमानियाने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली, तेव्हा मातामृत्यूंचे प्रमाण युरोपात सर्वाधिक होईपर्यंत वाढत गेले. १९८९ च्या अखेरीस बंदी उठली आणि एका वर्षात ते जवळजवळ निम्म्यावर आले. आणि आयर्लंडचे उदाहरण तर आपल्या उंबऱ्याशी येऊन थांबते, कारण सविता हलप्पनवार ही बेळगावची लेक होती. दंतवैद्यकाचे शिक्षण घेतलेली ही तरुणी १७ आठवड्यांची गरोदर असता तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. तरीही गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत या कारणास्तव तिने मागितलेला गर्भपात नाकारण्यात आला, आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी जंतुदोषाने ती गॅलवे येथे मृत्यू पावली. २०१८ सालच्या मे महिन्यात आयर्लंडच्या दोन तृतीयांश मतदारांनी आपल्या राज्यघटनेतील ते कलम रद्द केले. ज्या देशात कायदाच आडवा होता तेथील लोकांनी तो बदलला. आपल्या देशात कायदा अनुकूल असून तो बाईपर्यंत पोहोचत नाही, याचा खेद अधिक असावयास हवा.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि त्याचे उत्तर देणे मी कर्तव्य समजते. गर्भपात सुलभ केला तर मुली आणखी कमी होतील, असे पुष्कळ सद्हेतूचे लोक मनापासून म्हणतात. नऊ आठवड्यांचा मुद्दा मी वर मांडलाच आहे. पण त्याहून खोल उत्तर असे, की मुलगी नकोशी होण्याचे मूळ रुग्णालयात नसून तहसील कचेरीत आहे. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला. तरीही आज आमच्याकडे बाप वारला, की बाराव्या-तेराव्याच्या सुमारास बहिणींच्या पुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो, आणि माहेर तुटू नये म्हणून त्या डोळे मिटून सही करतात. फेरफार होतो, सातबाऱ्यावरून नाव जाते. बागायतीची जमीन जितकी मोलाची तितका हा कागद लवकर येतो. ज्या जिल्ह्यांत जमिनीला सोन्याचे मोल त्याच जिल्ह्यांत मुलींचे प्रमाण खाली, याचे कारण मला येथे दिसते. सासरी हुंडा आणि माहेरी हक्कसोड, या दोन कात्रींत सापडलेल्या मुलीला वाचवावयाचे असेल, तर महसूलखात्याने बहिणीची खरी मर्जी एकांतात विचारल्यावाचून असे कागद नोंदवू नयेत, यासाठी आपण मंत्रिमंडळात शब्द टाकावा. मुलीची किंमत वाढविण्याचे हे काम आईचा उपचार अडवून होणार नाही.

आणखी दोन गोष्टींकडे आपले लक्ष वेधते, कारण त्याही, स्त्रीच्या देहावर दुसऱ्याचा हुकूम चालू नये या तत्त्वाच्या भंगातून उपजल्या आहेत. कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशाने १९५२ साली, जगात सर्वांआधी, सुरू केला. परंतु सत्तर वर्षांनंतर, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी संततिबंदीसाठी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली, आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण अवघे ०.३ टक्के निघाले. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची असूनही हे असे आहे. महाराष्ट्रातील स्त्रियांचे प्रमाण तर याहूनही वरचे, जवळजवळ निम्मे. मुले किती हे दोघांनी ठरवावयाचे आणि टाके मात्र एकटीने सोसावयाचे, असा हा जमाखर्च आहे.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड आणि इतर जिल्ह्यांतून टोळ्या आमच्या शिवारांत उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस चुकला तर खाडा. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर, कोणत्याही कारणाने पडलेला खाडा उचलीत वाढ करतो. बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याची बातमी २०१९ साली गाजली, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावर पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, यांवर वेळीच साधा उपचार मिळाला असता तर ज्यांची पिशवी शाबूत राहिली असती अशा किती असतील, याचा विचार करवत नाही. या स्त्रिया मतदार बीडच्या असतील. पण वर्षाचे पाचसहा महिने त्या आमच्या पाण्यावर, आमच्या बांधांवर राहतात, आणि त्या काळात त्यांच्या आरोग्याची जबाबदारी आमची आणि आमच्या आरोग्य केंद्रांची आहे.

आता माझ्या मागण्या. पलूसच्या आणि राज्यातील प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, दर कामकाजाच्या दिवशी, नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी आणि बारा आठवड्यांपर्यंत निर्वात पद्धतीने, विनामूल्य गर्भपाताची सेवा मिळावी. शासकीय रुग्णालयास त्यासाठी वेगळ्या मान्यतेची गरज नाही, गरज आहे ती प्रशिक्षित डॉक्टरांची आणि औषधांच्या साठ्याची, आणि त्या दोहोंची तजवीज आपल्या एका आदेशाने होऊ शकते. सज्ञान स्त्रीकडे नवऱ्याची वा अन्य कोणाची सही मागू नये, असे परिपत्रक काढावे, आणि ‘तुमची एकटीची संमती पुरेशी आहे, तुमचे नाव कोणास कळणार नाही’ हे शब्द मोठ्या अक्षरांत प्रत्येक रुग्णालयाच्या दर्शनी भागी, आणि आशाताईंच्या हातातील पत्रकावर छापावे. नाव फोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे कर्मचाऱ्यांनाही सांगावे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांस इत्तला देताना तिची व तिच्या पालकांची विनंती असल्यास ओळख उघड करण्याची सक्ती नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा गावपातळीपर्यंत पोहोचवावा.

लिंगनिदानाची तपासणी करणाऱ्या पथकांनी आपली सारी कठोरता सोनोग्राफीच्या यंत्रांवर, दलालांवर आणि पैसे घेणाऱ्यांवर खर्च करावी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकल्या जाणाऱ्या गोळ्या ठेवणे हा गुन्हा नाही, असे औषधविक्रेत्यांना लेखी कळवावे. तांबी, इंजेक्शन, गोळ्या आणि पुरुषाची शस्त्रक्रिया या सर्वांची माहिती पतिपत्नी दोघांनाही मिळावी, आणि शस्त्रक्रियांच्या मोजदादीत पुरुषांचा रकाना रिकामा राहिल्यास त्याचा जाब अधिकाऱ्यांना विचारला जावा. गळिताच्या हंगामात टोळ्यांच्या मुक्कामी ठरलेल्या वारी स्त्री डॉक्टर जाव्यात, आणि तरुण स्त्रीचे गर्भाशय काढण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे राज्यभर सक्तीचे व्हावे.

या मागण्यांत विधिमंडळापुढे नेण्यासारखा मसुदा क्वचितच एखादा असेल. बाकी सारे कायदे झालेले आहेत, निर्णय लागलेले आहेत, इमारती उभ्या आहेत. महाराष्ट्राचा मातामृत्यूचा दर २०१८-२० या काळात लाखामागे ३३ पर्यंत खाली आला, देशाचा ९७ असताना. म्हणजे हे राज्य मनावर घेते तेव्हा करून दाखविते. तेव्हा येत्या आर्थिक वर्षाच्या आत कोणत्या तालुक्यात ही सेवा कोणत्या तारखेपासून सुरू होईल, याचे वेळापत्रक आपण जाहीर करावे, आणि त्यात पलूसची तारीख आम्हांस कळवावी. ती तारीख आम्ही गावोगावच्या ग्रामसभांत वाचून दाखवू, आणि ठरल्या दिवशी सेवा मिळते की नाही हे पाहण्यासाठी रुग्णालयात जातीने हजर राहू.

आपली विश्वासू,
पलूस तालुक्यातील एक नागरिक
पलूस, जिल्हा सांगली